शेजारचा पट्टा

यजमान पार्सलची गाडी चालवतात. ती कंपनीच्या कॉम्प्युटरला जोडल्यापासून मला तिथल्याच ऑफिसात बसल्या जागी सगळं कळतं: दार उघडलं, पट्टा लावला, करकचून ब्रेक दाबला. ह्यांना गाडी चालवताना डुलकी लागायची. त्या काळजीनं मी रोजचा जप वाढवला.

हल्ली ब्रेकची सूचना येत नाही. मात्र शेजारच्या सीटचाही पट्टा लागलेला दिसतो.

"अहो, सोबत कोण असतं?"

"तुझा देव," हे हसले. मी सुखावले.

आज ह्यांच्याबरोबर घरी जायला मी गाडीचं पुढचं दार उघडलं. सीट रिकामी होती. पट्टा कुणाच्या तरी पोटावरून घेतल्यासारखा अधांतरी ताणलेला होता.

हे अदबीनं त्या सीटला म्हणाले, "तुम्ही उठू नका. ती मागे बसेल."