ओ देणारा रेडिओ

“कुणाला पटायचं न्हाई चांगुणा, पर श्रीरामपुरात बोलवा हाय. रेडिओ कंपनी असा रेडिओ काढतीया, की त्यात नाव घेऊन हाक मारली तर मानूस असंल तिथनं ओ देतो!” रखमाजीने सुनेपुढे थाप ठोकली. बांगलादेशच्या लढाईवर गेलेला त्याचा लेक अजून परतला नव्हता आणि सुनेने अन्न टाकलं होतं.

“पर तुला नवऱ्याचं नाव घ्यावं लागंल बरं!” त्याने मिशीतल्या मिशीत हसत चिडवलं. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, म्हणून तिने ते आजवर ओठांवर आणलं नव्हतं.

“कानिफनाथ,” चांगुणा स्पष्ट म्हणाली.

रखमाजीने चमकून तिच्याकडे पाहिलं.

“थापा पुऱ्या झाल्या, मामंजी. पलटणीचा मानूस तुमाला सांगत हुता, तवा मी दाराआडच हुते.”