ताशा थांबल्यावर

पहिला, काळा.
आवाज: स्वच्छ. खालचे सूर जरा जड.
आराम: कानाच्या पाळीला टोचतो.
शांतता: ढोल जातो, ताशा बारीक ऐकू येतो. दहापैकी सात.

उत्कर्षाने फोनवर एवढं टिपलं आणि काळा हेडफोन आईच्या डोक्यावर चढवला. मंदाकिनीबाईंनी आधी अंबाडा चाचपून पाहिला, मग डोळे मिटून घेतले. खराडीतलं ते दुकान मोठं होतं. बाहेरचा गोंगाट अडवणारे हेडफोन दाखवताना सूरज नावाचा तिथला विक्रेता मोठ्या स्पीकरवर ढोल-ताशा पथकाच्या सरावाचं रेकॉर्डिंग लावायचा.

"पुण्यात याहून अवघड पेपर नाही," शौनक म्हणाला. तो उत्कर्षाच्या ऑफिसातला. हेडफोनमधलं त्याला कळतं, म्हणून सोबत आलेला.

ढोल सुरू झाले. आईचे डोळे खाडकन उघडले.

"बाई वं! कापसाच्या गंजीत डोकं खुपसल्यावानी वाटते!"

आवाज ढोलांच्याही वरून दुकानभर गेला. पलीकडे टीव्ही बघणारं एक कुटुंब वळून पाहू लागलं.

(हे उत्कर्षाने टिपलं नाही.)

"आई, हळू!" पण आईला ऐकू जाणार कसं? उत्कर्षाने तळहात खाली दाबून खूण केली. आईने समजल्यासारखी मान हलवली, शौनककडे झुकली आणि कानात विचारावं तसं तोंड करून ओरडली, "लग्न झालं काय जी तुमचं?"

"नाही काकू. आता सगळ्या खराडीला कळलंय."

सूरज हसला. शौनक काय म्हणाला ते न कळताच आईही हसली. उत्कर्षाने तिच्या डोक्यावरून हेडफोन काढून घेतला. जरा घाईनेच. अंबाड्यातला एक आकडा निघून खाली पडला.

खरं तर खरेदी आईमुळेच होती. उत्कर्षा घरून काम करायची आणि आईचं फोनवरचं बोलणं प्रत्येक मीटिंगमध्ये तिच्या कानावर यायचं. चांगला हेडफोन घेऊ, मग तू हवं तेवढं बोल, असं म्हणून कालच तिने आईला इथे राहायला तयार केलं होतं. आईचं अमरावतीला परतायचं शनिवारचं तिकीट आज घरी गेल्यावर रद्द करायचं होतं.

आईने टेबलावरचा करडा हेडफोन उचलून अंगठ्याने दाबून पाहिला.

"हा पाह्य. याची गादी नरम आहे. तुले दिवसभर घालून बसा लागते."

आणि ती आकडा शोधायला टेबलामागे वाकली.

दुसरा, करडा.
आवाज:
आराम: आई म्हणते ते बरोबर.

सूरजने ढोल पुन्हा पहिल्यापासून लावले. करडा हेडफोन फोनला जोडायला वेळ लागला. जोडला गेला तेव्हा उत्कर्षाने तो घातला. ढोल गेला. बारीकसा ताशा उरला. क्षणभराने तोही गेला.

ताशासुद्धा! तिने लगेच टिपलं.

शांतता: दहापैकी दहा.

बाहेर अजून ढोल बडवले जात असणार आणि आई चांगली दोन हात लांब होती. शेजारी उभ्या शौनकला तेवढं ऐकू जावं म्हणून उत्कर्षाने आवाज चढवला.

"सॉरी हं, शौनक. आईला कुठे न्यायची सोय नाही. तोंड उघडलं की गावंढळपणा. मला इतकी लाज वाटते ना तिची!"

शौनक टांगलेल्या चार्जरच्या वायरी बघत होता. सूरज एक रिकामा खोका उघडत होता, बंद करत होता. टीव्हीजवळचं कुटुंब पुन्हा वळलं होतं. या वेळी ते उत्कर्षाकडे पाहत होतं.

तिने हेडफोन काढला.

एसीची घरघर. बाकी काही नाही.

"ढोल?"

"मॅडम, ते रेकॉर्डिंग दीड मिनिटाचंच आहे," सूरज म्हणाला. "मघाशीच संपलं."

आई अजून टेबलामागे वाकलेली होती. आकडा तिच्या हातात दिसत होता, तरी ती वाकूनच राहिली. मग उठली. आकडा अंबाड्यात खोचला. पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला.

"आई, मी ते..."

"दादा, आम्हाला हा करडा बांधून द्या," आई सूरजला म्हणाली. एकेक शब्द निवडून, पुसून ठेवल्यासारखा. हे मराठी उत्कर्षाने तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मग ती उत्कर्षाकडे वळली. आवाज आणखी खाली आला.

"शनिवारचं तिकीट राहू दे. रद्द करू नकोस."

काहीतरी करायला हवं म्हणून असेल, सूरजने पुन्हा स्पीकरचं बटण दाबलं. ढोल धडाडले. आईचे ओठ हलले. ती आणखी काहीतरी सांगत होती. उत्कर्षाच्या कानांवर आता काहीच नव्हतं, तरी तिला एक अक्षर ऐकू आलं नाही.

"मोठ्याने बोल ना, आई!" ती ओरडली. "मोठ्याने!"

आईने तिच्याकडे पाहिलं आणि तळहात हळूच खाली दाबला.