आधी प्लग काढ

“बटण बंद केलंय मी,” फोनवर सुमय्या म्हणाली. “आता खोलू काय?”

इरशादने रोह्यातल्या आपल्या दुकानाचं शटर भरदुपारी अर्ध्यावर ओढलं होतं. रिपेरीला आलेल्या कंप्युटरांच्या गर्दीत तो कानाला फोन लावून बसला होता आणि पेणला, रामवाडीत राहणाऱ्या आपल्या चुलतभावाच्या बायकोशी तिचा नवरा बनून बोलत होता.

दोघा भावांचा आवाज लहानपणापासून सारखा. फोनवर घरचेही फसायचे. हमझा आधी याच दुकानात असायचा, मग आखातात बोटीवर नोकरीला गेला. ती बोट बुडाली, शोध थांबला आणि कंपनीचा फोन इरशादला आला. त्याने पेण गाठलं आणि आधी हमझाच्या आईला, सलीमाचाचीला, गाठून सांगितलं. चाचीने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, पण हुंदका बाहेर पडू दिला नाही. आतल्या खोलीत सुमय्या झोपली होती. तिचे दिवस भरत आलेले, त्यात रक्तदाब वाढलेला. तिला कसलाही धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं.

“तिला बाळंत होऊ दे,” चाची म्हणाली. “तवर तूच हमझा हो.”

असलं सोंग वैऱ्यावरही येऊ नये. नवा नंबर का, तर जुना फोन पाण्यात पडला. व्हिडिओ का नाही, तर इकडे नेट बरं नाही. एक थाप पचली की दुसरी तयार ठेवायची. इरशादला स्वतःचीच किळस यायची. सख्ख्यासारखा भाऊ गेला होता आणि त्याला रडायलासुद्धा सवड मिळाली नव्हती.

त्यात आज हे कंप्युटरचं निघालं. हमरापूरच्या कारखान्यांतल्या गणपतींचे फोटो नीटनेटके करून परगावच्या गिऱ्हाइकांना पाठवायचं काम सुमय्या घरबसल्या करायची. ऐन कामात पडदा काळा पडला आणि डब्यातून नुसता टूं टूं आवाज येऊ लागला. एरवी इरशाद गाडीला किक मारून पेणला गेला असता आणि चुटकीसरशी काम उरकून आला असता. पण तिच्यासमोर उभं राहायची त्याची छाती नव्हती. चेहऱ्याला काही खोटं बोलता येत नाही.

“सांगा की,” सुमय्या म्हणाली. “खोलू?”

“नको. आधी प्लग काढ.”

“बटण बंद हाय ना पण.”

“बटणावर भरवसा नाय ठेवायचा. प्लगच काढ भिंतीतनं. मागच्या वायरी पण सोडव.”

आणि मग इरशादला आपली चूक कळली. हमझाने आयुष्यात कधी प्लग काढला नव्हता. कंप्युटर चालू असतानाच झाकण उघडून तो बिनधास्त आत बोटं घालायचा. त्यावरून इरशादने त्याला शिव्या घातल्या होत्या आणि सुमय्यानेही घर डोक्यावर घेतलं होतं.

अजून सावरता आलं असतं. ‘राहू दे, तसंच खोल’ एवढं म्हटलं की झालं, अगदी हमझासारखं. पण घरातली वायरिंग जुनी, बाई पोटुशी. सोंग उघडं पडलं तर पडो, पण तसंच खोल म्हणायला त्याची जीभ रेटेना.

“काढलास काय?” त्याने विचारलं.

“काढला.” मग हळूच म्हणाली, “आज लय काळजी करताय.”

“बाप व्हणार ना आता.”

बोलून गेला आणि त्याचे डोळे भरून आले. त्याने फोन जरा लांब धरला.

मग एकेक सांगत गेला. कंप्युटरचं बटण जरा वेळ दाबून धर, प्लग काढला तरी आत थोडा करंट उरतो, तो जाऊ दे. आता उघड्या पत्र्याला हात लाव, अंगातली वीज उतरेल. करंटच्या वायरी येतात तो चौकोनी डबा अजिबात उघडू नको. सुमय्याने फोन स्पीकरवर टाकला होता आणि चाची टॉर्च धरून उभी होती.

“मेमरीची हिरवी पट्टी दिसते? टोकांचे खटके दाब, वर येईल. तिचे पिवळे दात खोडरबराने पूस.”

“हमझा, बाळा, जेवलास काय रे?” मध्येच चाचीने विचारलं.

“जेवलो, अम्मी.”

चाचीच्या आवाजात जरासुद्धा कंप नव्हता. पोटचा गोळा गेला आणि ही बाई सुनेसाठी त्याच्या जेवणाची चौकशी करत होती. एवढं काळीज हिने कुठून आणलं, इरशादला कळेना.

पट्टी परत बसली, झाकण लागलं, प्लग भिंतीत गेला. या वेळी एकदाच टूं झालं.

“चालू झाला,” सुमय्या म्हणाली. “पडदा आला.”

“बघ, होतं की तुला सगळं.” इरशादने सुटकेचा निःश्वास टाकला. आजचा दिवस तरी निभावला होता.

“मी च्या टाकते गो,” असं म्हणत चाची आत गेल्याचं त्याला ऐकू आलं. सुमय्याने स्पीकर बंद केला. मागचा पंख्याचा आवाज गेला आणि तिचा श्वास एकदम जवळ आला.

“असाच रोज फोन करत जावा, इरशादभाय,” ती कुजबुजली. “हे गेल्याचं मला तुमच्या पयल्याच फोनला कळलंय. पण अम्मींना अजून काय ठाव नाय. तुमचा आवाज ऐकून दोन घास तरी खातात.”