साहेबांच्या ताटातली गवार

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. कोणत्या गावाला टँकर द्यायचा ते ठरवायला नवे साहेब गावोगाव फिरत होते. आमच्या गावची विहीर तर इतकी आटलेली, की तळ खरवडून घागर भरावी लागायची.

साहेबांचं जेवण व्यंकटरावांकडं ठरलं.

"पहिल्यांदा येतायत गावात," व्यंकटराव बायकोला, पारूबाईला म्हणाले. "नुसती चटणी-भाकर कशी वाढायची? लाज जाईल गावाची."

पारूबाईनं न्हाणीमागं गवारीची आठ-दहा झाडं भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर जगवली होती, बाळंतपणाला आलेल्या लेकीसाठी. तिनं सगळ्या शेंगा तोडल्या आणि दाण्याचा कूट घालून भाजी केली. तिथंच ओलीला उगवलेली मूठभर घोळीची भाजी खुडून डाळीत शिजवली.

साहेबांनी दोन्ही भाज्या मागून मागून खाल्ल्या. "मावशी, इतकी ताजी भाजी लातूरच्या बाजारातसुद्धा मिळत नाही हो!"

व्यंकटराव खुलले. "घरचीच हाय साहेब. कशाची कमी न्हाई बघा. घ्या की अजून!"

साहेबांनी तांब्याभर पाण्यानं हात धुतले आणि ते गेले. आत लेकीनं चटणी-भाकर खाल्ली.

पंधरा दिवसांनी चावडीवर कागद आला. मास्तरांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला.



"गावात ताजा भाजीपाला पिकतो. ग्रामस्थांच्या म्हणण्यानुसार कशाचीही कमतरता नाही. टँकर नामंजूर."