चौथी कडा

हिरवा दोरा ब्लेडखाली आला आणि आत्याचा हात थांबला. तोवर दोन टाके तुटून तिच्या मांडीवर पडले होते.

गोधडीच्या कडेचे उरलेले टाके वेडेवाकडे होते. एक बोटभर लांब, पुढचा तांदळाएवढा, मध्येच एक गाठ. असे टाके घालणारी पोरगी आत्याला चांगली आठवत होती. गेल्या सोमवारीच, वरच्या मजल्यावर, आजोबांच्या पलंगावर चढून बसून तिने ते घातले होते. हिरवाच दोरा हवा म्हणून हटून बसली होती. समोरून कडा धरायला आत्या होती. "आता ही तुझी," असं आत्यानेच तिला सांगितलं होतं.

दवाखान्याच्या तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून, सगळे जिला आत्या म्हणत ती आणि आणखी तिघी, अशा चौघीजणी गोधड्या शिवायच्या. पगार नाही, चहासुद्धा घरून आणायचा. ज्या वॉर्डातून माणूस पुन्हा घरी जात नाही, त्या वॉर्डासाठी हे काम. त्यांची एक रीत होती. तीन कडा शिवायच्या, चौथी उघडी ठेवायची आणि तिच्यात दोरा ओवलेली सुई टोचून गोधडी वर पाठवायची. चौथी कडा घरच्यांनी शिवायची. कुणी दोनच टाके घालायचं, कुणी दुपारभर शिवत बसायचं. माणूस गेला की गोधडी घरच्यांची.

पण बऱ्याच गोधड्या परत यायच्या. "लोकच देऊन जातात हो," दवाखान्याचं सामानसुमान सांभाळणारे भांडारसाहेब सांगायचे, "म्हणतात, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल." ते ऐकून चौघींचे डोळे भरून यायचे. लोकांची मनं किती मोठी, असं म्हणत त्या ब्लेडने घरच्यांचे टाके उसवायच्या आणि पुढच्या माणसांसाठी कडा पुन्हा उघडी करून ठेवायच्या. वर्षभर हे असंच चाललं होतं.

या गोधडीचा कोपरा मात्र वीतभर फाटला होता.

"धोबीमामा, ही मशीनमध्ये फाटली का?"

धोबीमामा गठ्ठा ठेवून निघाला होता. तो दारातच घुटमळला.

"मशीन कशाला फाडतंय, आत्या. पोरगी सोडत नव्हती म्हणे. म्हातारा गेला, चादरी गोळा करताना साहेब स्वतः उभे होते. पोरीने कोपरा धरून ठेवला. मग झाली ओढाताण." त्याने मान खाली घातली. "सगळ्यांच्याच काढून घेतात. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग साहेबांचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःच्या हातांचा होता. कुणा बायकोचे, कुणा लेकाचे, कुणा म्हाताऱ्या आईचे टाके या हातांनी उसवले होते. दोरे केरात टाकले होते आणि वर कौतुकाने उसासेही टाकले होते. शेजारी बसून उसवणाऱ्या शाळेतल्या बाईंनी आपल्या हातातलं ब्लेड हळूच डब्यात ठेवलं. बाकीच्या दोघींचेही हात थांबले.

तेवढ्यात भांडारसाहेब आले.

"काय, आज मौन वाटतं?"

"साहेब, ही गोधडी त्या पोरीने दिली का?"

साहेबांनी फाटका कोपरा पाहिला आणि ओळखला. "आत्या, जरा व्यवहाराने बघा. पलंगावर पसरलं ते दवाखान्याचं. तुम्ही महिन्याला शिवणार आठ, वॉर्डात माणसं किती? मी सगळ्यांना पुरवून वापरतोय. माझ्या घरी नेतोय का एक तरी?"

ते खोटं नव्हतं. साहेब घरी काहीच नेत नव्हते. आत्याला उलट त्याचाच संताप आला. चोराला निदान कळत असतं, आपण चोरी करतोय.

"मग तसं सांगायचं होतं. आणखी चार बाया आणल्या असत्या मी. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे परवडले, साहेब. ते आपल्या हाताने तरी खातात. तुम्ही आमच्या हातून उसवून घेतलंत!"

"आवाज खाली. तुम्ही इथे फुकट काम करता, हे विसरू नका."

"म्हणूनच बोलतेय. पगार असता तर गिळून बसले असते."

धोबीमामा हसू दाबायला खोकला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग बाकीच्या तिघींकडे. तिघींनीही नजर खाली केली नाही.

"बरं, झालं ते झालं," साहेब म्हणाले. "कोपरा शिवून द्या. पोस्टाने पाठवतो तिला."

आत्याने मांडीवरचे दोन हिरवे तुकडे उचलून पदराच्या टोकाला बांधले. गोधडीची घडी घातली, फाटका कोपरा वर ठेवून. मग डब्यातून सुई काढली, तिच्यात हिरवा दोरा ओवला, गाठ मारली आणि फाटलेल्या जागी टोचून ठेवली.

"अहो, शिवून द्या म्हटलं ना?"

"घरच्यांचं घरच्यांनी शिवायचं. आणि पोस्टाने नाही. पत्ता तुमच्याच फॉर्मवर आहे, तुम्ही घेऊन जायचं." आत्याने घडी साहेबांच्या दोन्ही हातांवर ठेवली. "आठ वर्षांची आहे ती. तिला एकटीला शिवता येत नाही, समोरून कडा धरायला कुणीतरी लागतं."

साहेबांनी घडी सावरली.

"नीट धरा," आत्या म्हणाली. "या वेळी ओढू नका."