जुना एक्स-रे

गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी तिच्या घोट्याचे दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. एक आजचा, दुसरा बारा वर्षांपूर्वीचा, तिच्या शेवटच्या स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, आदल्या आठवड्यातला.

"हाडाला तडा तेव्हाच गेला होता. सहा महिने पळायचं नाही, असं बजावलं होतं मी तुझ्या बाबांना. तू ऐकलं नाहीस वाटतं?"

बाबाच तिचे प्रशिक्षक होते. त्या दिवशी याच खोलीतून बाहेर येत ते म्हणाले होते, "काही नाही गं, नुसतं मुरगळलंय." मग तिने घट्ट पट्टी बांधून, दातओठ आवळत पस्तीस अडथळे ओलांडले, देशात पहिली आली आणि पुन्हा कधीच धावू शकली नाही. आपलंच शरीर कच्चं निघालं, असं ती आजवर मानत आली होती.

बाहेर बाबा तिचे बूट घेऊन बाकावर बसले होते. तिचा घोटा सुजलेला, म्हणून तेच खाली बसून नाडी बांधू लागले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"तुम्हाला तेव्हाच सगळं सांगितलं होतं म्हणे."

बाबांचे हात थांबले. वर न बघताच ते म्हणाले, "पदक तर मिळालं ना तुला?"