ऊटा आतेन?

सोलापूरच्या प्रदर्शनात चुलीच्या चित्रावर मोबाइल धरला, की पडद्यावर निंगव्वा भाकरी थापू लागायची आणि मान वर करून कानडीत विचारायची, “ऊटा आतेन?” म्हणजे, जेवण झालं का? बघणारे हसून मोबाइललाच सांगायचे, “झालं, आजी.”

खरी निंगव्वा वळसंगहून येऊन त्या चित्राशेजारीच उभी होती.

“आजी, जरा सरका की, मधे येताय,” एक मुलगी म्हणाली. ती सरकली.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर प्रदर्शन सांभाळणाऱ्या दानेश्वरीनं तिच्या हातात मोबाइल दिला. “तुमी बी बघा की.”

“ऊटा आतेन?” पडद्यावरच्या निंगव्वानं विचारलं.

निंगव्वानं मोबाइल तोंडाजवळ आणला.

“न्हाय गं अजून,” ती हळूच म्हणाली. “एकटीसाठी कुटं चूल पेटवायची?”